जमिनीतून निघालेला गोळा

पेडणे तालुक्यातील हळर्णचा किल्ला पोर्तुगीज व्हाइसरॉय मार्क्विस दि कास्तेलो नोव्हो याने १७४६ साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून जिंकला आणि त्याच गावाच्या नावाने पुढे तो 'मार्क्विस दि आलोर्न' झाला. अशा मुलखात नांगराच्या फाळाला लोखंडी गोळा लागला की तो तोफेचाच, असे आपण धरून चालतो. पण परीक्षा घ्यावयास हवी.

त्या काळचा भरीव गोळा बिडाचा, साच्याच्या दोन अर्ध्यांत ओतलेला. सांध्याची पुसट रेघ व रस ओतल्याची खूण त्यावर बहुधा आढळते. १० सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्याचे वजन सुमारे ३.७५ किलो भरावे. जमिनीत कुजलेला गोळा त्याच मापाला हलका भरतो, जड नव्हे. काटा ४ किलोंच्या पलीकडे गेला तर तो पोलादाचा, कदाचित खनिज दळणाऱ्या गिरणीतला! डिचोलीसारख्या खाणींच्या तालुक्यात ही शंका आधी घ्यावी.

मिठाच्या पाण्याने चढविलेला गंज तांबूस, भुसभुशीत आणि वरवरचा असतो. जुना गंज काळपट, खोल व खवल्यांनी सुटणारा. मुकुटाची गुंडी सापडली तर ती १९१० पूर्वीची म्हणावी, कारण त्या वर्षी पोर्तुगालची राजसत्ता संपली. अर्थात नक्कल करणाऱ्यालाही मुकुट कोरता येतोच.

आमचे विद्यार्थी अशा वस्तू घासूनपुसून चकचकीत करून आणतात. तोवर अर्धा पुरावा मोरीत गेलेला असतो. पोकळ गोळ्याला तर हातही लावू नये. आत दारू असू शकते, पोलिसांना कळवावे.