साष्टीची माणसे आणि खाडीची सरहद्द

वाचकहो, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही नावे ऐकली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे लोकलची गर्दी येते. गावाकडून येणाऱ्याला तर ही सगळी ‘मुंबई’च वाटते. पण ही गावे मूळ मुंबई बेटावरची नव्हेत. ती साष्टी बेटावरची. इथे सहासष्ट गावे होती, म्हणून ‘षट्षष्टी’ आणि तिची झाली ‘साष्टी’, असे सांगतात. गोव्यातही एक साष्टी आहे, ती निराळी.

मुंबई आणि साष्टी यांच्यामध्ये माहीमची खाडी. आज गाडी ती बघता बघता ओलांडते. पण शंभराहून अधिक वर्षे ही खाडी म्हणजे दोन राज्यांची सरहद्द होती, हे किती जणांना ठाऊक आहे?

१५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई, साष्टी आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांना दिली. पुढे १६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येचे इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरले आणि मुंबई आंदणात गेली. इथेच तंटा उभा राहिला. इंग्रज म्हणत, मुंबई दिली म्हणजे साष्टीही दिली. पोर्तुगीज म्हणत, साष्टी आमचीच. १६६५ मध्ये इंग्रजांच्या हाती मुंबई आली, साष्टी नाही. मग खाडीच्या एका अंगाला वांद्र्याचा पोर्तुगीज किल्ला, तर दुसऱ्या अंगाला माहीम, शीव आणि धारावी इथे इंग्रजांचे किल्ले, असा प्रकार झाला.

पोर्तुगीज अमलातील धर्माच्या जाचाला कंटाळून मालाडचे अंताजी रघुनाथ, अंजूरचे गंगाजी नाईक यांसारख्या मंडळींनी पेशव्यांकडे धाव घेतली. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि बहुतेक साष्टी घेतली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई सर केली. पण इंग्रजांचा डोळा साष्टीवर होताच. पोर्तुगीज पुन्हा चाल करून येणार अशी आवई उठली, पुण्यात वारसाचे भांडण पेटले होते, तो मोका साधून १७७४ च्या डिसेंबरात त्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांना परत मिळाली, साष्टी मात्र इंग्रजांकडे राहिली ती राहिलीच.

आता जरा हिशेब करा. १७३० मध्ये मरोळात जन्मलेला एखादा कुणबी पंचेचाळिशी गाठेपर्यंत तीन राज्यांची रयत झाला असेल, आणि तेही आपले शेत न सोडता! असे नशीब एकट्या साष्टीचे नाही. युरोपात पोलंड आणि लिथुएनिया यांच्यामध्ये विल्नियस शहराचा असाच वाद होता. १९२० मध्ये ते पोलंडच्या सैन्याने घेतले, १९३९ मध्ये रशियाने ते लिथुएनियाला दिले. माणसे आपल्या घरातच. देश मात्र बदलत राहिला.

मग साष्टीची ही माणसे कोण? खाडीकाठचे कोळी, भात आणि मीठ पिकवणारे आगरी, माडी काढणारे भंडारी, कुणबी, डोंगरातले वारली. पोर्तुगीज अमलात यांतले कित्येक ख्रिस्ती झाले. देव बदलला, आडनाव बदलले, पण धंदा राहिला, बायकांचे लुगडे राहिले आणि बोली मराठीच राहिली. उलट पाव, बटाटा, चावी, पगार हे पोर्तुगीज शब्द आपल्या सगळ्यांच्याच घरात येऊन बसले, आणि आपण त्यांना कधी परके म्हटले नाही. पुढे नोकरीसाठी गोवा-मंगळूरचे ख्रिस्ती मुंबईत येऊ लागले, तेव्हा आपण इथलेच हे कळावे म्हणून या लोकांनी १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले.

माझ्या वर्गात एकदा अशाच आडनावाच्या एका मुलाला दुसऱ्याने विचारले, “तू गोव्याचा का रे?” तो म्हणाला, “नाही रे, इथलाच. हे कॉलेज आहे ना, तिथे माझा आजा भात लावायचा.” सारा वर्ग गप्प झाला. खरे सांगतो, मीही गप्प झालो. साष्टीचे सगळे तह मी शिकवले होते. साष्टीची माणसे शिकवायची राहून गेली होती.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, म्हणूनच एक विनंती. मुलांना बोरिवलीच्या मंडपेश्वरला न्या. खाली शैव लेणे आणि त्याच्याच डोक्यावर पोर्तुगीज मठाच्या पडक्या भिंती. एवढा मोठा धडा पुस्तकात नाही. मुंबईपासून लांब असाल, तर आपल्याच गावात विचारा: इथे आधी कोणाचा अंमल होता, कोणती घराणी कुठून आली, शेताला जुने नाव काय? म्हातारी माणसे आहेत तोवर हे लिहून घ्या. साष्टीतली गावठाणे आज इमारतींच्या कोंडाळ्यात सापडली आहेत. आजा गेला की शेताचे नावही जाते.

राज्ये येतात आणि जातात. जमीन कसणारा मात्र तिथेच असतो. त्याला “तू कुठला?” असे विचारण्याआधी आपण कधी आलो, हे एकदा आठवून पाहावे, इतकेच मला सांगायचे होते.