पितळी बुश, नायलॉनची टाकी आणि उसाचे अल्कोहोल

प्लास्टिकच्या टाकीत पेट्रोल पंप धरून ठेवणारा बोल्ट सोडवायला घ्यावा, पाना फिरत राहावा आणि बोल्टाने मात्र वर यायचे नाव घेऊ नये. गॅरेजच्या भाषेत हा ‘बुश फ्री झाला’. टाकीच्या भिंतीत रुतवलेला, आतून आटे पाडलेला पितळी बुश पकड सोडून बोल्टाबरोबर गरगरू लागलेला असतो. दोष बहुधा मेकॅनिकच्या माथी बसतो. इतिहास पाहिला तर आरोपी दुसरेच निघतात.

आट्यांचे जुने भांडण धातू-धातूंतले होते. जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये 55 अंशांचा आटा सुचवला. अमेरिकेत विल्यम सेलर्सने 1864 मध्ये 60 अंशांचा. दुसऱ्या महायुद्धात एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात बसेना, तेव्हा कुठे 1948 साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी समान आटा स्वीकारला. भारतात मद्रासला 1955 पासून बनू लागलेली बुलेट ब्रिटिश आट्यांची, तर साठच्या दशकातली जावा मेट्रिक. जुन्या मिस्त्रींच्या पेटीत पान्यांचे दोन संच दिसत, ते यामुळेच.

प्लास्टिक आले आणि प्रश्नच बदलला. नायलॉनमध्ये थेट पाडलेला आटा वारंवारच्या आवळण्याला टिकत नाही. म्हणून बाहेरून खरबरीत खाचा पाडलेला पितळी बुश साच्यातच ठेवतात किंवा तापवून दाबतात. वितळलेले प्लास्टिक खाचांत शिरते आणि थंड होऊन घट्ट बसते. ही पकड चिकटण्याची नव्हे, अडकण्याची. उन्हात प्लास्टिक पितळेच्या कितीतरी पट प्रसरण पावते, म्हणजे ही सोयरीक पहिल्यापासूनच ओढाताणीची.

त्यात अल्कोहोलची भर पडली, आणि येथे मराठवाड्याचा संबंध येतो. नायगावहून बिलोलीमार्गे मांजरा ओलांडली की बोधन लागते. निजामाच्या राज्यात तेथे 1930 च्या दशकात मोठा साखर कारखाना उभा राहिला. साखरेमागे मळी येते आणि मळीतून अल्कोहोल. ते इंजिनात जाळण्याची कल्पनाही आजची नाही: भारतीय पॉवर अल्कोहोल कायदा 1948 चा, म्हणजे हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले त्याच वर्षीचा. पुढे स्वस्त पेट्रोलच्या काळात तो विषय मागे पडला. 2001 मध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले, त्यांतील दोन ठिकाणे महाराष्ट्रातली: मिरज आणि मनमाड. 2003 पासून नऊ राज्यांत 5 टक्के मिश्रण आले, 2022 मध्ये देशाने 10 टक्क्यांचा टप्पा गाठला आणि 2023 मध्ये 20 टक्क्यांचे पेट्रोल पंपांवर दिसू लागले.

नायलॉनला पाणी प्रिय आहे, अल्कोहोलही. दोन्ही शोषून ते फुगते आणि मऊ पडते. पितळ जसेच्या तसे राहते. अमेरिकेत या शतकाच्या पहिल्या दशकात इटालियन मोटारसायकलींच्या नायलॉन टाक्या इतक्या फुगल्या की मालकांनी न्यायालय गाठले. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींच्या टाक्या पोलादी पत्र्याच्या असल्याने हा त्रास फारसा बोलला गेला नाही, इतकेच. पत्र्याला गंजाचे दुखणे असते, ते वेगळे.

मग दुरुस्ती? तत्त्व जुन्या लेथवाल्यांचेच: आटा गेला की भोक मोठे करून नवा बुश. मात्र येथे अधीरपणा जिवावर बेततो, कारण रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या पेट्रोलपेक्षा घातक. टाकी उतरवून, धुऊन, उघडी ठेवून पूर्ण वाळेपर्यंत तापता सोल्डरिंग आयर्न जवळ आणू नये. नायलॉन निथळायला दिवसच लागतात, आणि फुगलेल्या भोकात बसवलेला बुश आकसल्यावर ताण देतो, म्हणून वाळवणे दुहेरी गरजेचे. सैल बुश काढून त्याच्या खाचा स्वच्छ करतात, भोक खरवडतात आणि इंधनाला टिकणारा इपॉक्सी भरून बुश सरळ बसवतात. बोल्टाच्या आट्यांना आधी मेणाचा पातळ हात दिला नाही तर बोल्टही कायमचा चिकटतो. भोक फारच वाढले असेल तर मोठ्या व्यासाचा बुश. टाकी पॉलिइथिलीनची असेल तर इपॉक्सीवर भिस्त ठेवू नये, त्याला काहीच धड चिकटत नाही. तेथे मोठा बुश तापवून रुतवणे बरे.

सर्वांत महत्त्वाचा भेद भोकाच्या तळाचा. तळ बंद असेल तर पेट्रोल बुशापर्यंत पोहोचत नाही आणि डागडुजी निभावते. भोक आरपार असेल, किंवा बुशाभोवती तडा दिसत असेल, तर टाकीच बदलावी, खर्च कितीही खुपला तरी. जमलेल्या दुरुस्तीतही पंपाचे रबरी सील नवे घालून, थोडे पेट्रोल भरून टाकी रात्रभर घराबाहेर ठेवतात आणि सकाळी खाली पसरलेल्या कागदावर डाग शोधतात.