शनिवार पेठ

पुणे शहराच्या मध्यभागी, मुठा नदीच्या उजव्या काठावर वसलेली जुनी पेठ. पूर्वीचे नाव मुर्तुजाबाद. शेजारी कसबा, बुधवार आणि नारायण या पेठा आहेत. मेहुणपुरा हा तिच्यातलाच भाग.

पेठेचा इतिहास शनिवारवाड्याशी बांधलेला आहे. पहिल्या बाजीरावांनी 10 जानेवारी 1730 रोजी वाड्याचा पाया घातला आणि 22 जानेवारी 1732 रोजी वास्तुशांत केली. दोन्ही दिवस शनिवारच होते. पुढे सुमारे 85 वर्षे मराठी राज्याचा कारभार येथून चालला. 30 ऑगस्ट 1773 रोजी नारायणराव पेशव्यांचा खून येथेच झाला. 17 नोव्हेंबर 1817 रोजी वाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले. 27 फेब्रुवारी 1828 रोजी लागलेल्या आगीत आतल्या लाकडी इमारती जळून गेल्या.

आज तटबंदी, बुरूज, पाच दरवाजे आणि दगडी जोती एवढेच उरले आहे. उत्तरेकडच्या दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवर हत्तींची धडक अडवणारे लांब, अणकुचीदार खिळे आहेत. एका फळीत माणूस वाकून जाईल एवढीच दिंडी आहे. दरवाजावर नगारखाना असून कमानीखालच्या भिंतीवर पुसट झालेली चित्रे अजून ओळखू येतात. आत 197 तोट्यांचे, कमळाच्या आकाराचे हजारी कारंजे आहे. या वास्तूची खरी भव्यता जोत्यांवरून चालताना कळते. एकेका चौकाचा आवाका पावलांनी मोजता येतो.

नदीकाठचे ओंकारेश्वर मंदिर हे पेठेचे दुसरे भूषण. शिवरामभट चित्राव यांच्या पुढाकाराने आणि पेशव्यांच्या साहाय्याने ते 1738 मध्ये पूर्ण झाले. आवारात चिमाजीअप्पांची समाधी आहे. वसई जिंकणाऱ्या या सेनानीचे हे स्मारक साधे आहे आणि वाडा पाहून परतणाऱ्यांच्या नजरेतून बहुधा निसटते. ते आवर्जून पाहावे. पूर्वी मंदिराजवळच्या नदीघाटालगत शहराचे स्मशान होते.

पेठेला शिक्षणाचीही परंपरा आहे. रमणबाग येथील न्यू इंग्लिश स्कूल आणि अहिल्यादेवी मुलींची शाळा याच पेठेत आहेत.

12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले. मुठेला आलेल्या पुरात नदीकाठच्या पेठांमधले अनेक जुने वाडे पडले आणि त्यांच्या जागी हळूहळू इमारती उभ्या राहिल्या. ओंकारेश्वर मात्र त्या पुरातही टिकला. तेथील पूजाअर्चा आजही चालू आहे.