कोर्मी : एका उपनगरी गावाची परंपरा

माल्टा बेटाची राजधानी व्हॅलेटा हिच्या नैर्ऋत्येस, ग्रँड हार्बर या बंदराच्या माथ्याजवळ कोर्मी हे गाव आहे. आज ते बंदरालगतच्या दाट वस्तीत मिसळून गेले असून परक्यास त्याची शीव सहजासहजी दिसत नाही. तरीही गावाचे पृथक्त्व टिकले आहे. ते कशाच्या बळावर टिकले, हा प्रश्न स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाने विचारात घ्यावा असा आहे.

या गावास दोन बिरुदे लाभली. सेंट जॉनच्या धर्मवीरसंघाचे प्रमुख मान्वेल पिंटो यांनी १७४३ साली त्यास नगराचा दर्जा व स्वतःचे नाव दिले. दुसरे बिरुद 'कासाल फोर्नारो', म्हणजे भटाऱ्यांचे गाव. पहिले सनदेने आले, दुसरे व्यवसायाने. माल्टाची खडकाळ जमीन लोकसंख्येला पुरेल इतके धान्य देत नसे; ते सिसिलीहून आणावे लागे. आयात धान्य बंदरात उतरे आणि बंदराची वस्ती पावावर जगे. अशा स्थितीत कोर्मीच्या भट्ट्यांना महत्त्व आले, यात नवल नाही. आदल्या दिवशीचे आंबवलेले पीठ राखून दुसऱ्या दिवशीच्या पिठात मिसळण्याची रीत हातोहात चालत आली. 'फ्तीरा' या माल्टी चपट्या पावाच्या परंपरेची युनेस्कोने २०२० साली अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली.

दुसरा धागा श्रद्धेचा होय. १८१३ च्या प्लेगात माल्टात सुमारे साडेचार हजार माणसे दगावली. कोर्मीस त्याची झळ विशेष बसली. अन्यत्र साथ ओसरल्यावरही ती येथे रेंगाळली. प्लेगपासून रक्षण करणारा म्हणून मानल्या गेलेल्या संत सेबास्टियनची भक्ती येथे दृढ झाली, ती या आपत्तीच्या स्मृतीने. संत जॉर्जचा जुना पॅरिश १४३६ च्या यादीत आढळतो. सेबास्टियनचा स्वतंत्र पॅरिश १९३६ साली स्थापन झाला. जूनमध्ये एकाचा व जुलैमध्ये दुसऱ्याचा उत्सव वाद्यवृंद आणि दारूकामासह साजरा होतो.

परंपरा हा स्वयंसिद्ध पुरावा नव्हे, हे खरे. परंतु येथे भटाऱ्यांच्या नावास धान्यव्यवहाराचा आणि सेबास्टियनभक्तीस साथीच्या इतिहासाचा आधार मिळतो. सनदेने गावास मान दिला. त्याची ओळख मात्र भट्टीने आणि उत्सवाने राखली. म्हणून उपनगरात विलीन झालेल्या गावाचा इतिहास केवळ दप्तरातून लिहिल्यास तो अपुराच राहील.