एक्झॉस्ट हेडर

एक्झॉस्ट हेडर (बोलीभाषेत नुसते 'हेडर') म्हणजे मोटारीच्या इंजिनातील प्रत्येक सिलिंडरमधून बाहेर पडणारा जळका वायू स्वतंत्र नळीवाटे नेऊन पुढे एका मुखात एकत्र आणणारा नळसंच होय. कारखान्यातून येणाऱ्या मोटारींत त्याच जागी बिडाचा ओतीव मॅनिफोल्ड किंवा पोलादी पत्र्याचा आखूड संच असतो. हेडर बसवला की मोटारीची शक्ती वाढते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. हेडर ही शक्ती इंजिनाच्या फेऱ्यांच्या एका ठराविक टप्प्यात वाढवतो आणि दुसऱ्या टप्प्यात पुष्कळदा ती घटवतो. अलीकडच्या मोटारींत त्याच्या निवडीशी धूर-नियंत्रणाचा आणि कायद्याचा प्रश्नही जोडला गेला आहे.

कार्यतत्त्व

चार सिलिंडरांचे चतुर्घाती इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला ५० वेळा वायू बाहेर टाकतो. म्हणजे नळसंचात सेकंदाला २०० स्पंद येतात. निष्कास झडप उघडताच दाबाची एक लाट नळीतून पुढे धावते. तप्त वायूतील ध्वनीचा वेग सेकंदाला ५०० मीटरांहून अधिक असतो आणि ही लाट साधारण त्याच वेगाने जाते. नळी जेथे एकाएकी रुंद होते तेथून कमी दाबाची लाट उलट फिरते. निष्कास व प्रवेश या दोन्ही झडपा क्षणभर एकदम उघड्या असतात. त्याच क्षणी ही परतीची लाट सिलिंडरपाशी पोहोचली, तर ती उरलासुरला जळका वायू ओढून घेते आणि ताज्या मिश्रणाला आत येण्यास वाट करून देते.

लाटेला जाऊन येण्यास लागणारा वेळ नळीच्या लांबीवर अवलंबून असतो. तो जवळजवळ स्थिर राहतो. इंजिनाचा वेग मात्र सतत बदलतो. त्यामुळे कोणतीही एक लांबी एकाच टप्प्याशी नीट जुळते. लांब नळ्या कमी व मध्यम फेऱ्यांना, तर आखूड नळ्या वरच्या फेऱ्यांना अनुकूल ठरतात.

इंजिनाला 'मागचा दाब' आवश्यक असतो, असे गॅरेजमध्ये वारंवार ऐकू येते. ते बरोबर नाही. आवश्यक असतो तो वायूचा वेग. गरजेपेक्षा रुंद नळी घेतल्यास हा वेग मंदावतो आणि खालच्या फेऱ्यांतील ओढ कमी होते. त्यावरून दाबाविषयीचा हा गैरसमज रूढ झाला असावा.

निवड

चार सिलिंडरांसाठी दोन रचना प्रचलित आहेत. '४-१' रचनेत चारही नळ्या एकाच ठिकाणी मिळतात. तिचा लाभ मुख्यतः वरच्या फेऱ्यांना होतो. '४-२-१' रचनेत आधी दोन जोड्या होतात आणि मग त्या एक होतात. प्रज्वलनाचा क्रम १-३-४-२ असेल, तर पहिला व चौथा आणि दुसरा व तिसरा सिलिंडर जोडले जातात, जेणेकरून प्रत्येक जोडीतील स्पंद समान अंतराने यावेत. ही रचना मध्यम फेऱ्यांत अधिक चांगली चालते. पाम बीच मार्गावर सिग्नलपासून सिग्नलपर्यंत किंवा वाशी ते बेलापूर अशी रोज धावणारी मोटार बहुतांश वेळ खालच्या व मध्यम फेऱ्यांतच असते. अशा मोटारीला शर्यतीचा ४-१ हेडर बसवणे म्हणजे जी शक्ती क्वचितच वापरली जाईल तिच्यासाठी रोजची ओढ गमावणे होय.

नैसर्गिक श्वसनाच्या इंजिनात केवळ हेडरने मिळणारी वाढ माफक असते. इंधन व प्रज्वलनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाची, म्हणजे ईसीयूची, पुनर्रचना केल्याशिवाय तिचा पुरता लाभ होत नाही. २००० नंतरच्या दशकात जुन्या होंडा सिटीच्या व्हीटेक आवृत्तीला भारतातील हौशी मंडळींची पसंती लाभली, कारण तिचे इंजिन वरच्या फेऱ्यांत खुलत असे. टर्बोचार्जर असलेल्या मोटारींत टर्बो मॅनिफोल्डवरच बसलेला असल्याने सामान्य हेडर लागू पडत नाही. फोक्सवॅगन समूहाच्या १.० टीएसआयसारख्या काही इंजिनांत मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो. तेथे स्वतंत्र हेडरला जागाच नसते.

धातूची निवड हवामानानुसार करावी लागते. ठाणे खाडीला लागून असलेल्या नवी मुंबईत हवा दमट व खारट आहे आणि पावसाळा चार महिन्यांचा. साध्या पोलादाचा हेडर येथे लवकर गंजतो. सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेले ३०४ प्रतीचे स्टेनलेस पोलाद अधिक टिकते. मात्र तापल्यावर ते साध्या पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते, म्हणून त्याचे सांधे व आधार नीट नसल्यास जोडाशी तडे जातात. उष्णता रोखण्यासाठी नळ्यांना गुंडाळली जाणारी पट्टी ओल धरून ठेवते. किनारपट्टीवर तिच्याऐवजी सिरॅमिकचा थर देणे श्रेयस्कर. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात स्टेनलेस पोलादाचे जोडकाम करणारे कारागीर आहेत. परंतु मापाबरहुकूम हेडर घडवताना चारही नळ्यांची लांबी शक्य तितकी समान राखणे हे जोडकामापेक्षा अवघड असते. नळसंच जमिनीपासून किती उंच राहतो हेही पाहावे लागते, कारण वसाहतींतील गतिरोधकांची उंची सारखी नसते.

बसवणी

काम पूर्ण थंड इंजिनावरच करतात. बॅटरीची ऋण तार सोडवून उष्णतारोधक पत्रा काढला जातो आणि ऑक्सिजन सेन्सर त्याच्या विशेष पान्याने सोडवला जातो. जुने स्टड गंजलेले असतात. त्यांवर आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल टाकून ठेवावे. घाईत जोर लावल्यास स्टड हेडमध्येच तुटतो, आणि तो काढण्याचा खर्च कधी कधी हेडरच्या किमतीच्या जवळ जातो. हेडची बसण्याची कड स्वच्छ करून नवे गॅस्केट लावतात. जुने गॅस्केट पुन्हा वापरत नाहीत.

सर्व नट आधी हाताने बसवून मग मधून बाहेरच्या बाजूंकडे, टप्प्याटप्प्याने, निर्मात्याने दिलेल्या बलाइतके आवळतात. इंजिन काही वेळा तापून थंड झाल्यावर ते पुन्हा तपासावे लागतात. वायरींचे जुडगे, स्टार्टर मोटर आणि रबरी नळ्या हेडरपासून दूर बांधणे आवश्यक असते.

सांध्यातील गळती हा केवळ आवाजाचा दोष नव्हे. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असल्यास तेथून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला मिश्रणात इंधन कमी आहे असे वाटते, आणि ईसीयू विनाकारण अधिक इंधन सोडतो. मोटार जास्त पेट्रोल पिऊ लागली की पुष्कळदा इंधनप्रणालीत दोष शोधला जातो. दोष मात्र एका सैल नटात असतो.

उत्प्रेरक परिवर्तक

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजेच उत्प्रेरक परिवर्तक हा कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन व नायट्रोजनचे ऑक्साइड यांचे तुलनेने निरुपद्रवी वायूंत रूपांतर करतो. १९९५ साली मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. भारत स्टेज ४ ही मानके एप्रिल २०१७ पासून, तर भारत स्टेज ६ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाली. परिवर्तक लवकर तापावा म्हणून अलीकडच्या बहुतेक मोटारींत तो इंजिनालगत, मॅनिफोल्डला जोडूनच असतो. परिणामी अशा मोटारींना लांब नळ्यांचा हेडर बसवणे म्हणजे पुष्कळदा परिवर्तकच काढून टाकणे ठरते. विक्रेते हे क्वचितच स्पष्ट करतात. पुढे दुसरा परिवर्तक बसवता येतो. तथापि तो इंजिनापासून दूर गेल्याने उशिरा तापतो, आणि थंड इंजिनाच्या पहिल्या काही मिनिटांतील, म्हणजे सर्वांत घाण, धूर तसाच बाहेर पडतो.

कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल मालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेले कलम १८२-अ अवैध फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगते. ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग करणारे वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवल्यास कलम १९०(२) लागू होते. त्यात १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२० प्रत्येक वाहनास सायलेन्सर बंधनकारक करतो.

नवी मुंबईत वाहन-नोंदणीचे काम वाशी (एमएच-४३) व पनवेल (एमएच-४६) येथील परिवहन कार्यालये पाहतात. पोलिसांच्या मोहिमांचा रोख मुख्यतः मोटारसायकलींच्या कर्कश सायलेन्सरांवर असतो, कारण ते लांबून ऐकू येतात. परिवर्तक काढलेली मोटार मागचा सायलेन्सर मूळचाच असल्यास फारशी मोठ्याने वाजत नाही, आणि म्हणून रस्त्यावर सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पीयूसी तपासणीत पेट्रोल मोटारीचा धूर ती उभी असताना मोजला जातो. त्यामुळे वाहत्या रस्त्यावर ती किती नायट्रोजन ऑक्साइड सोडते हे तेथे कळत नाही.

केवळ बंदिस्त धावमार्गावर वापरल्या जाणाऱ्या शर्यतीच्या मोटारींना स्पर्धेचे तांत्रिक नियम लागू असतात आणि त्यांत हेडरला वर्गानुसार मुभा असते. अशी मोटार ट्रकवर चढवून नेण्याची रीत आहे.