किनरॉस आणि वेस्टर्न पर्थशर मतदारसंघ

किनरॉस आणि वेस्टर्न पर्थशर : ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहात एक सदस्य पाठविणारा स्कॉटलंडमधील पूर्वीचा ग्रामीण मतदारसंघ (१९१८–८३). १९२३ नंतर येथे झालेली प्रत्येक निवडणूक हुजूर पक्षाच्या अधिकृत उमेदवाराने जिंकली. त्यामुळे खरी चुरस अनेकदा मतपेटीपर्यंत पोहोचतच नसे; स्थानिक पक्षसंघटनेने कोणाला उभे करायचे, यावरच पुढचा निकाल ठरे. तरीही १९३८ व १९६३ च्या पोटनिवडणुका आणि ऑक्टोबर १९७४ ची सार्वत्रिक निवडणूक यांमुळे या मतदारसंघाचे नाव ब्रिटनच्या राजकीय इतिहासात वारंवार येते. स्कॉटलंडमधील हुजूर पक्ष १९६५ पर्यंत ‘युनियनिस्ट’ या नावाने ओळखला जात असे.

प्रदेश : लॉख लेव्हन सरोवराकाठचा किनरॉसशर हा छोटा परगणा आणि पर्थशर परगण्याचे मध्य, पश्चिम व डोंगराळ उत्तर भाग मिळून हा मतदारसंघ बनला होता. क्रीफ, ऑख्टरआर्डर, डनब्लेन, डून, कॅलंडर, ॲबरफेल्डी आणि किनरॉस ही त्यातील गावे. यांतले एकही मोठे औद्योगिक शहर नव्हते. सखल भागात शेती व गुरांची पैदास, डोंगराळ भागात मेंढपाळी, मोठ्या जमीनदारांच्या जहागिरी आणि पर्यटन यांवर येथील जीवन उभे होते. कामगार संघटनांचे बळ नसल्यामुळे मजूर पक्षाला येथे कधीच पाय रोवता आले नाहीत.

पूर्वपीठिका : या प्रदेशाचा मोठा भाग १८८५ ते १९१८ या काळात वेस्ट पर्थशर मतदारसंघात होता. त्याचे पहिले प्रतिनिधी जहाजमालक सर डोनल्ड करी उदारमतवादी म्हणून निवडून आले. परंतु आयर्लंडच्या स्वराज्याच्या प्रश्नावर १८८६ मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टन यांची साथ सोडून ते लिबरल युनियनिस्ट गटात गेले. १९१० मध्ये ॲथल घराण्याचे वारस, टलिबार्डिनचे मार्क्विस, ही जागा जिंकून संसदेत गेले. १९१७ मध्ये ड्यूक ही पदवी वारशाने मिळून ते लॉर्ड्‌स सभागृहात गेल्यावर आर्चिबाल्ड स्टर्लिंग त्यांच्या जागी आले. १९१८ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार झालेल्या फेररचनेत किनरॉसशर जोडून नवा मतदारसंघ तयार झाला.

प्रतिनिधी :
जेम्स गार्डिनर (उदारमतवादी), १९१८–२३
कॅथरिन, डचेस ऑफ ॲथल (युनियनिस्ट), १९२३–३८
विल्यम मॅकनेअर स्नॅडन (युनियनिस्ट), १९३८–५५
गिल्मर लेबर्न (युनियनिस्ट), १९५५–६३
सर ॲलेक डग्लस-ह्यूम (युनियनिस्ट, पुढे हुजूर), १९६३–७४
निकोलस फेअरबेर्न (हुजूर), १९७४–८३

डचेस ऑफ ॲथल : लॉइड जॉर्ज यांच्या संयुक्त सरकारचे समर्थक गार्डिनर यांच्यानंतर, १९२३ मध्ये, ही जागा युनियनिस्ट पक्षाकडे आली. देशभर हुजूर पक्षाचे बहुमत गेले त्याच निवडणुकीत कॅथरिन स्ट्यूअर्ट-मरी येथे विजयी झाल्या. आठव्या ड्यूकच्या (पूर्वीचे टलिबार्डिनचे मार्क्विस) पत्नी असलेल्या कॅथरिन या स्कॉटलंडमधून कॉमन्सवर निवडून आलेल्या पहिल्या महिला होत. महायुद्धापूर्वी त्यांनी स्त्रियांच्या मताधिकाराला विरोध केला होता. १९२४ ते १९२९ या काळात त्या शिक्षण खात्याच्या संसदीय सचिव होत्या; हुजूर पक्षाच्या सरकारात पद मिळवणाऱ्याही त्या पहिल्याच महिला.

पक्षाशी त्यांचा पहिला खटका उडाला तो भारताच्या प्रश्नावर. ज्या कायद्यानुसार पुढे १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले, त्या १९३५ च्या भारत सरकार विधेयकाला चर्चिल यांच्याप्रमाणे त्यांचाही विरोध होता. भारताला एवढे अधिकार देणे त्यांना मान्य नव्हते. या विधेयकाच्या आणि सरकारच्या अंतर्गत धोरणाच्या निषेधार्थ त्या १९३५ मध्ये काही महिने पक्षशिस्तीबाहेर राहिल्या. दुसरा खटका स्पेनच्या यादवीवरून उडाला. १९३७ मध्ये एलेनॉर रॅथबोन आणि एलेन विल्किन्सन या महिला खासदारांसह त्यांनी प्रजासत्ताकवाद्यांच्या ताब्यातील स्पेनचा दौरा केला. १९३८ मध्ये त्यांचे ‘सर्चलाइट ऑन स्पेन’ हे पुस्तक पेंग्विनने काढले. फ्रँकोविरोधी भूमिकेमुळे त्यांना ‘लाल डचेस’ हे टोपणनाव पडले. ते फसवे होते : दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी पूर्व युरोपातील सोव्हिएत वर्चस्वालाही तितक्याच ठामपणे विरोध केला.

१९३८ ची पोटनिवडणूक : स्पेनविषयक अहस्तक्षेपाच्या धोरणावरून डचेसनी एप्रिल १९३८ मध्ये पुन्हा पक्षशिस्त झुगारली. सप्टेंबरमध्ये हिटलरशी झालेल्या म्यूनिक करारालाही त्यांचा विरोध होता. पंतप्रधान चेंबरलेन यांच्यावर निष्ठा असलेल्या स्थानिक संघटनेने पुढील निवडणुकीसाठी दुसरा उमेदवार शोधायचे ठरविले. तेव्हा डचेसनी जागेचा राजीनामा दिला आणि सरकारच्या परराष्ट्र धोरणावर कौल मागण्यासाठी त्या अपक्ष म्हणून उभ्या राहिल्या. पक्षाने स्थानिक शेतकरी विल्यम मॅकनेअर स्नॅडन यांना उमेदवारी दिली. उदारमतवादी उमेदवाराने माघार घेतली आणि मजूर पक्षही उतरला नाही, त्यामुळे लढत सरळ झाली. चर्चिल यांनी डचेसना पाठिंब्याचे पत्र पाठविले, पण प्रचारासाठी ते आले नाहीत. २१ डिसेंबरला, बर्फवृष्टीत मतदान झाले. स्नॅडन यांना ११,८०८ आणि डचेसना १०,४९५ मते पडली, मताधिक्य १,३१३. पक्षाचा शिक्का नसतानाही त्यांना जवळपास निम्मी मते मिळाली, यावरून म्यूनिकविषयीची अस्वस्थता हुजूर पक्षाच्या या बालेकिल्ल्यातही किती होती ते दिसते. डचेस पुन्हा संसदेत आल्या नाहीत. स्नॅडन १९५१ ते १९५५ या काळात स्कॉटलंड खात्याचे उपमंत्री होते आणि त्यांच्यानंतर आलेले लेबर्न यांनीही १९५९ पासून तेच पद सांभाळले.

१९६३ ची पोटनिवडणूक : लेबर्न यांचे ऑगस्ट १९६३ मध्ये निधन झाले आणि जॉर्ज यंगर यांची उमेदवारी निश्चित झाली. त्यानंतर हॅरल्ड मॅकमिलन यांनी आजारपणामुळे पंतप्रधानपद सोडले आणि १४ वे अर्ल ऑफ ह्यूम ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान झाले. ते लॉर्ड्‌स सभागृहाचे सदस्य होते आणि पंतप्रधान कॉमन्समध्ये असावा हा संकेत दृढ झाला होता. वारशाने आलेली उमरावकी सोडण्याची सोय त्याच वर्षी जुलैमध्ये झालेल्या पीअरेज कायद्याने दिली होती. २३ ऑक्टोबरला त्यांनी पदवीचा त्याग केला आणि ते सर ॲलेक डग्लस-ह्यूम झाले. यंगर यांनी त्यांच्यासाठी माघार घेतली. पुढील दोन आठवडे ब्रिटनचा पंतप्रधान कोणत्याही सभागृहाचा सदस्य नव्हता. संसदेच्या नव्या अधिवेशनाचा प्रारंभही २९ ऑक्टोबरवरून १२ नोव्हेंबरला ढकलण्यात आला.

७ नोव्हेंबरच्या मतदानात सात उमेदवार होते. डग्लस-ह्यूम यांना १४,१४७ मते (५७.४ टक्के) मिळाली. उदारमतवादी डंकन मिलर यांना ४,८१९, मजूर पक्षाचे अँड्र्यू फॉरेस्टर यांना ३,७५२ आणि स्कॉटिश नॅशनल पार्टीचे आर्थर डॉनल्डसन यांना १,८०१ मते पडली. डग्लस-ह्यूम यांच्या निवडीची खिल्ली उडविण्यासाठी उभे राहिलेले विनोदकार विली रश्टन यांना ४५ मते मिळाली. पंचवीस वर्षांपूर्वी म्यूनिकच्या टीकाकार उमेदवाराला नाकारणाऱ्या या मतदारसंघाने आता ज्यांना निवडले, ते १९३८ मध्ये चेंबरलेन यांचे संसदीय खासगी सचिव म्हणून त्यांच्यासोबत म्यूनिकला गेले होते.

१९६४ ची निवडणूक आणि न्यायालयीन वाद : १९६४ मध्ये डग्लस-ह्यूम यांनी ही जागा राखली, मात्र देशात सत्ता गमावली. येथील कम्युनिस्ट उमेदवार होते ह्यू मॅकडायर्मिड या नावाने लिहिणारे प्रसिद्ध स्कॉट कवी सी. एम. ग्रीव्ह. त्यांना १२७ मते मिळाली. दूरचित्रवाणी व नभोवाणीवरून डग्लस-ह्यूम यांची भाषणे प्रसारित झाली, कम्युनिस्ट पक्षाला मात्र तसा वेळ मिळाला नाही. म्हणून या प्रसारणाचा खर्च हा डग्लस-ह्यूम यांच्या निवडणूक खर्चातच धरला पाहिजे, असा दावा करून ग्रीव्ह यांनी निवड रद्द करण्यासाठी अर्ज केला. प्रसारण संस्थांचा प्रमुख हेतू जनतेला माहिती देण्याचा होता, उमेदवाराला निवडून आणण्याचा नव्हता, असे ठरवून न्यायालयाने तो फेटाळला. प्रसारण व निवडणूक खर्च यांसंबंधीच्या ब्रिटिश कायद्यात या निकालाचा दाखला दिला जातो.

१९७४ ची चुरस : १९७० ते १९७४ मध्ये परराष्ट्रमंत्री राहिलेल्या डग्लस-ह्यूम यांनी ऑक्टोबर १९७४ च्या निवडणुकीत कॉमन्समधून निवृत्ती घेतली. त्याच वेळी उत्तर समुद्रातील तेलावर स्कॉटलंडचा हक्क सांगणारी स्कॉटिश नॅशनल पार्टी वेगाने पुढे येत होती. या निवडणुकीत तिने एकूण ११ जागा मिळविल्या. शेजारचा पर्थ अँड ईस्ट पर्थशर मतदारसंघही त्यांत होता. किनरॉस आणि वेस्टर्न पर्थशरमध्ये हुजूर पक्षाचे नवे उमेदवार, वकील निकोलस फेअरबेर्न, अवघ्या ५३ मतांनी तरले. बड्या नेत्याचे वैयक्तिक वजन निघून गेल्यावर ‘सुरक्षित’ जागेचा पाया किती खचला होता, हे या निकालाने उघड केले. १९७९ मध्ये स्कॉटिश नॅशनल पार्टी देशभरात दोन जागांवर आली आणि फेअरबेर्न यांचे आसन स्थिर झाले. ते १९७९ ते १९८२ स्कॉटलंडचे सॉलिसिटर जनरल होते.

विसर्जन : १९७५ मध्ये जुने परगणे जाऊन नवे प्रशासकीय प्रदेश आले, तेव्हा मतदारसंघाचा मोठा भाग टेसाइड प्रदेशात, तर कॅलंडर, डून व डनब्लेन हा पश्चिमेचा भाग सेंट्रल प्रदेशात गेला. १९८३ ची फेररचना याच नव्या सीमांना धरून झाली. किनरॉस, क्रीफ व ऑख्टरआर्डर हा भाग पर्थ शहरासह ‘पर्थ अँड किनरॉस’ या नव्या मतदारसंघात, डोंगराळ उत्तर भाग नॉर्थ टेसाइडमध्ये आणि पश्चिमेचा भाग स्टर्लिंगमध्ये समाविष्ट झाला. फेअरबेर्न पर्थ अँड किनरॉसमधून निवडून येत राहिले. १९९५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या रोझॅना कनिंगहॅम यांनी ती जागा हुजूर पक्षाकडून जिंकून घेतली.