सुकाणू नसलेली नौका : तोल, वळण आणि एका शब्दाचा इतिहास

नौकेचे गुण सांगताना आपण सामान्यतः दोन गोष्टी एकाच दमात बोलून जातो : नौका स्थिर असावी आणि ती चालविणाराच्या हाती राहावी. पहिला गुण तोलाचा, दुसरा वळणाचा. ते परस्परांस पूरक आहेत असे आपण गृहीत धरतो. तथापि नौकाबांधणीचा इतिहास पाहू गेल्यास हे दोन गुण पुष्कळदा परस्परविरोधी ठरले असून, प्रत्येक काळातील कारागिरास त्यांत तडजोड करावी लागली आहे, असे दिसून येते. या तडजोडीचा मागोवा कोकणच्या गलबतांपासून आजच्या जेट बोटीपर्यंत घेणे आणि 'सुकाणू' या शब्दाने तीत कोणती अडचण निर्माण केली आहे हे दाखविणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय वरणगावच्या परिसराशी जोडण्याचे कारण तापी नदी होय. मुलताईजवळ उगम पावून सुमारे ७२४ किलोमीटर वाहणाऱ्या या नदीस चांगदेव येथे पूर्णा मिळते. या संगमाच्या खाली, वरणगावापासून जवळच, १९८२ साली पूर्ण झालेले हतनूरचे एकेचाळीस दरवाजांचे धरण आहे. धरणाच्या वर पसरलेले, गाळाने उथळ होत गेलेले संथ पाणी. खाली उन्हाळ्यात खडक उघडे पडणारे पात्र. आणि पावसाळ्यात दरवाजे उघडले की तेच पात्र दुथडी भरून वाहणारे. अशा तीन प्रकारच्या जलाशी येथील नौकेस सामना करावा लागतो. खानदेशात तापीवर जलवाहतूक अशी कधी वाढली नाही. नदी ओलांडणे हेच नावेचे मुख्य काम. त्यामुळे नाव, नावाडी, वल्हे, उतार, डोह हे शब्द येथे रुळले. परंतु नौकेचा तोल आणि तिचे वळण यांविषयीची सूक्ष्म परिभाषा समुद्रकाठीच राहिली.

ती परिभाषा मोठी बोलकी आहे. कोकणातील खलाशी रिकाम्या गलबताच्या तळाशी दगड वा वाळू भरतो, त्यास 'नीरम' म्हणतात. अरुंद होडीच्या बाजूस आडव्या दांड्यांनी जो लाकडी ओंडका बांधतात, ती 'उलांडी'. दोहोंचा उद्देश एकच, तोल राखणे. परंतु मार्ग भिन्न आहेत. नीरम भार खाली नेते, तर उलांडी नौकेचा आधार रुंद करते. क्रियापदांतही असाच विवेक आढळतो. नौका 'डोलते' तेव्हा ती परत सरळ होते; 'कलते' तेव्हा एका बाजूस झुकून राहते; 'कलंडते' तेव्हा तिचे परतणे संपते. फ्रेंच शास्त्रज्ञ प्येर बूगे याने १७४६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नौकेच्या स्थैर्याचे जे गणित मांडले, ते नेमके या दुसऱ्या व तिसऱ्या अवस्थेमधील सीमारेषेचे आहे. नौका किंचित कलली असता पाण्याच्या उचलीची रेषा तिच्या मध्यरेषेस ज्या बिंदूत छेदते, तो बिंदू गुरुत्वमध्याच्या वर असेल तर नौका सावरते, खाली असेल तर कलंडते. गणित अठराव्या शतकातले. नीरम भरणाऱ्या हातांस मात्र त्याचा व्यवहार पूर्वीच ठाऊक होता.

वळणाच्या बाजूचे शब्द पाहिले तर वेगळे चित्र दिसते. 'सुकाणू' हा शब्द अरबी 'सुक्कान'वरून आलेला, 'नाखवा' हा फारसी 'नाखुदा'वरून, 'सारंग' हा फारसी 'सरहंग'वरून, 'खलाशी'ही अरबीच. नौका चालविण्याची सत्ता व तिची साधने यांचे हे शब्द पश्चिम समुद्रावरील व्यापाराबरोबर मराठीत आले आणि इतके रुळले, की राज्याचे, संस्थेचे वा संसाराचे सुकाणू असे लाक्षणिक प्रयोग आपण सहज करतो. त्या लक्षणेच्या पोटी एक गृहीत दडलेले आहे : सुकाणू हाती असले की नौका हाती असते.

मराठ्यांच्या आरमारात या दोन गुणांची तडजोड कशी झाली, ते रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातील इतिहासकाराने केलेल्या गुराबांच्या वर्णनावरून कळते. गुराब लांबीच्या मानाने पुष्कळ रुंद असे आणि तिला पाणी फार थोडे लागे. रुंदीमुळे तोल मिळे व उथळ तळामुळे खाडीत शिरता येई. परंतु समोरून लाटा आल्या की ती पुढेमागे जोराने आदळत असे. म्हणून तिच्या पुढे आलेल्या नाळेचा भाग मोकळा ठेवीत, जेणेकरून वर आलेले पाणी अडून न राहता वाहून जावे. गलबत त्याहून लहान, सहसा सत्तर टनांच्या आतच. त्यास चाळीसपन्नास वल्ही असत आणि वारा पडला असता तीच त्यास वळण व गती देत. किनाऱ्यालगतच्या युद्धात ही रचना उपयुक्त ठरली, खोल समुद्रात तिच्या मर्यादा दिसल्या. अर्थात उथळ पाण्यासाठी बांधलेली नौका उसळत्या पाण्यात किंमत मोजते, हा नियम तेव्हाही लागू होता.

हाच प्रश्न दोन शतकांनंतर न्यूझीलंडमधील विल्यम हॅमिल्टन (१८९९-१९७८) यांच्यापुढे उभा राहिला. तेथील डोंगराळ नद्या वेगवान, खडकाळ व उथळ. पंखा आणि सुकाणू तळाखाली असलेली बोट तेथे टिकत नसे. त्यांनी १९५४ साली पंपाने तळातून पाणी ओढून मागे झोताने फेकणारी बोट तयार केली. आरंभी झोत तळाखालून सोडला जाई. पुढे तो मागच्या फळीतून, पाण्याच्या पातळीच्या वर हवेत सोडल्यावर वेग पुष्कळ वाढला आणि तळाखाली काहीही उरले नाही. १९६० साली अशा बोटी कोलोराडो नदीच्या महाघळईतून प्रवाहाविरुद्ध वर गेल्या. १९७७ साली एडमंड हिलरी यांच्या मोहिमेतील 'गंगा', 'किवी' व 'एअर इंडिया' या तीन जेट बोटींनी बंगालच्या उपसागरापासून गंगेच्या वरच्या खोऱ्यात नंदप्रयागपर्यंत मजल मारली. तेथील धबधब्याने त्यांचा मार्ग रोखला. आपल्या किनाऱ्यावरही हे तंत्र आले आहे : गोवा शिपयार्डने बांधलेले आणि २००२ साली तटरक्षक दलात दाखल झालेले 'सरोजिनी नायडू' हे जहाज जलझोतावर चालणारे होय.

जेट बोटीचा तोल सुधारण्याचे उपाय पाहिले असता जुन्या शहाणपणाची पुन्हा ओळख पटते. तळ सपाट ठेवला तर बोट फारच थोड्या पाण्यावरून सरकते, पण वळताना आडवी घसरत जाते आणि लाटांवर आदळते. तळास खोल पाचरीचा आकार दिला तर लाटा कापल्या जातात व वळणात पकड येते, पण अधिक पाणी व अधिक शक्ती लागते. म्हणून नदीच्या बोटीत मध्यम उताराची पाचर योजून तळावर लांबीच्या दिशेने पट्ट्या बसवितात. त्या पट्ट्या मात्र पंपाच्या तोंडाच्या सरळ पुढे आल्या तर त्यांच्या कडेने हवा आत ओढली जाते, पंपाची पकड सुटते आणि जोर नाहीसा होतो. वेगात बोटीचे नाक वरखाली उसळू लागले तर इंधनाची टाकी वा अन्य भार पुढे सरकवितात; भार शक्य तितका खाली ठेवतात. ही नीरमाचीच विद्या आहे. वेगाने धावणारी बोट पाण्याच्या उचलीवर तरंगत असते. वेग एकदम तोडला की ती पाण्यात बसते आणि तिचीच मागून येणारी लाट मागच्या फळीवरून आत येऊ शकते. म्हणजे येथे तोलदेखील वेगाशी बांधलेला आहे.

वळणाच्या बाबतीत मात्र जुना अनुभव उपयोगी पडत नाही, उलट घात करतो. जेट बोटीस सुकाणू नाही. चालक चाक फिरवतो तेव्हा मागचे झोताचे तोंड वळते व झोताची दिशा बदलते. इंजिनाचा जोर काढून घेतला की झोत नाही, आणि झोत नाही तर वळण नाही. बोट असलेल्या वेगाने सरळ पुढे जाते. समोर खडक वा माणूस दिसताच नवखा चालक भीतीने जोर सोडतो व चाक गरगर फिरवतो. तो ज्या क्षणी बोट आवरू पाहतो, त्याच क्षणी ती त्याच्या हातून निसटते. थांबण्यासाठीसुद्धा झोतापुढे झडप पाडून तो उलट दिशेस वळवावा लागतो, म्हणजे तेथेही जोर हवाच. अनेक अपघातांचे मूळ याच अंगवळणी पडलेल्या प्रतिक्रियेत आहे. अशा चाकास 'सुकाणू' म्हणणे म्हणजे चालकास नकळत खोटी सूचना देणे होय. पाण्यात बुडालेली सुकाणूची फळी इंजिन बंद असतानाही, नौकेस गती आहे तोवर, काम करते. झोत तसे करीत नाही.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीच्या महापुराने सुरत शहर पाण्याखाली नेले. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी धुळे येथे आहे. पुराच्या पाण्यात बुडालेली कुंपणे, तारा व पाण्यात अडकलेली माणसे यांच्यामध्ये उघडा पंखा धोकादायक असतो, म्हणून झोताच्या बोटीचा विचार अशा कामी सयुक्तिक आहे. अर्थात तीही निर्दोष नाही. पाणवेली व पालापाचोळा तिच्या जाळीत अडकतात. खानदेशातील तरुणांस अशी बोट शिकवावयाची तर तिची भाषा आधी नीट केली पाहिजे.

त्यासाठी जड संस्कृत संज्ञा घडविण्याचे कारण नाही. तोलासाठी 'नीरम' व 'उलांडी' हे शब्द समुद्रकाठाहून आणता येतील. वळणासाठी एक शब्द घरोघरी आहे : 'तोटी'. केळीच्या बागेस नळीने पाणी देणाऱ्या शेतकऱ्यास हे सांगावे लागत नाही, की नळीतून पाणी येत असेल तरच तोटी वळविण्यास अर्थ आहे. 'सुकाणू धरा' असे शिकविलेला चालक संकटात जोर सोडील. 'तोटी वळवा' असे शिकविलेला चालक पाणी चालू ठेवील. परिभाषा ठरविणाऱ्यांनी शब्दाची व्युत्पत्ती व शुद्धता पाहावी हे योग्यच आहे. परंतु तो शब्द हातांस काय करावयास सांगतो, हेही त्यांनी पाहिले पाहिजे.